सोलापूरच्या जुन्या पेठा पुन्हा नांदत्या करायच्या तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी पेठ, चाटी गल्ली, मंगळवार पेठ, बाळीवेस, कसबा, साखर पेठ. या भागाचं पुढे काय होणार, असं बोलणं निघालं की दुकानदार, वाडामालक, भाडेकरू आणि जुळे सोलापूरहून खरेदीला येणारे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषयच तसा आहे.

मध्यवस्ती म्हणजे नेमका कोणता भाग?

भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या आजूबाजूचं जुनं गावठाण, वेशींच्या आतल्या पेठा, त्यांना लागून वाढलेला विणकरांचा पूर्व भाग आणि गिरण्यांच्या जागा. नव्या वस्तीतल्या आसरा चौकातला माणूस आजही "गावात जाऊन येतो" म्हणतो. तो जिथे जातो, ती मध्यवस्ती.

नवी पेठेत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मग ऱ्हास कुठे दिसला तुम्हाला?

मान वर करून बघा. तळमजल्यावर झगमगीत दुकान असतं, वरच्या मजल्याला कुलूप असतं नाहीतर गोदाम असतं. खिडक्यांना पत्रे मारलेले, गॅलरीत खोकी रचलेली. रात्री दुकानांची शटरं पडली की गल्लीत चिटपाखरू नसतं. सणासुदीला गर्दी होणारा बाजार आणि लोक राहतात ती पेठ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी हळूहळू संपत चालली आहे. रहिवासी गेला की पिठाची गिरणी, दवाखाना, बालवाडी, तालीम, रोजचा दूधवाला हे सगळं त्याच्यामागे जातं. उरतो तो फक्त गिऱ्हाइकांवर जगणारा बाजार, आणि गिऱ्हाईक उद्या फोनवरून मागवू लागलं की त्याला पाठीशी कोणी राहत नाही.

म्हणून या सगळ्या प्रश्नांना माझं मूळ उत्तर एकच आहे: पेठेत माणसांनी पुन्हा राहायला यायला हवं. चालण्याची सोय, सावली, वाड्यांची दुरुस्ती, फेरीवाल्यांच्या जागा, सगळं त्यासाठीच करायचं.

लोक गेले कशामुळे?

एक कारण नाही. आधी गिरण्या गेल्या. जुनी गिरणी १८७७ सालची. तिच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. १९४९ मध्ये ती बंद पडली तेव्हा केंद्र सरकारने अध्यादेश काढून ताबा घेतला आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. चिरंजीतलाल चौधरी खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. एका शहराची गिरणी देशाच्या घटनापीठापुढे जाते, यावरून तिचं वजन कळावं. पुढे ती कायमची थांबली, मग बाकीच्या गिरण्याही एकेक करून गेल्या. महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन पेठेत येणारा गिऱ्हाईक वर्ग त्यांच्याबरोबर विरला.

त्याच काळात विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर इकडे प्लॉट पडले. दारात गाडी उभी राहील असं घर कोणाला नको असतं? वाड्यात मात्र पाण्याची तऱ्हा न्यारी. काही दिवसांच्या अंतराने येणारं उजनीचं पाणी साठवायला मोठी टाकी लागते, आणि माळवदावर टाकी ठेवायची सोय नसते. संडास अंगणात. चार भावांची वाटणी झालेली, पण उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. भाडेकरू पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यावर, त्यामुळे दुरुस्तीला मालकाचा हात वर उठत नाही. अशा घरातली मुलगी लग्न होऊन गेली आणि मुलगा पुण्याला नोकरीला लागला की कुलूप लागायला वेळ लागत नाही.

स्मार्ट सिटीत एवढा पैसा आला होता. त्याने काही झालं नाही?

झालं. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं. अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनचं जतन झालं आणि ते काम बघून यावं असं आहे. एका श्रीमंताचा महाल महापालिकेचं मुख्यालय होतो आणि शंभर वर्षांनंतरही वापरात राहतो. जुन्या वास्तूचं सोनं कसं करावं याचं उदाहरण शहराच्या पोटातच उभं आहे. रंगभवनकडचा रस्ता, होम मैदान, तलावाचा परिसर, पार्क स्टेडियम इथेही कामं झाली.

पण माझ्या मते बहुतेक कामं चारचौघांना दिसणाऱ्या जागी झाली. पेठेच्या आतल्या बोळांतली गटारं, पाणी, लोंबत्या तारा आणि वरच्या मजल्यांवरची कुलपं यांपर्यंत त्यातलं थोडंच पोचलं. ३१ मार्च २०२५ ला ते मिशन संपलं. पुढचं काम आतून बाहेर व्हायला हवं.

दुसऱ्या कोणत्या शहराने माणसं परत आणून दाखवली आहेत का?

मेलबर्नने. १९८० च्या दशकात तिथलं मध्य शहर संध्याकाळी ओस पडायचं, कारण तिथे फक्त कचेऱ्या होत्या. १९९२ मध्ये पालिकेने "पोस्टकोड ३०००" हा कार्यक्रम घेतला. रिकाम्या कचेऱ्यांची घरं करणाऱ्यांना आर्थिक सवलत आणि तांत्रिक मार्गदर्शन दिलं, बरोबरीने पदपथ रुंद केले, झाडं लावली, मागच्या बोळांमधून छोट्या दुकानांना वाव दिला. पुढच्या दोन दशकांत तिथे हजारो लोक राहायला आले. यात नवी बांधकामं पुष्कळ होती, सगळंच श्रेय जुन्या इमारतींना देता येणार नाही. पण क्रम लक्षात घ्या: घर आणि रस्ता, दोन्हींवर एकाच वेळी काम.

नवी पेठेत गाड्या बंद केल्या तर आमचा धंदा बसेल. त्याचं काय?

ही भीती खरी आहे आणि जुनी आहे. कोपनहेगनने १९६२ मध्ये आपली स्ट्रॉगेट ही बाजारपेठ गाड्यांना बंद केली तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही हेच म्हणून विरोध केला होता. आमच्या थंड देशात रस्त्यावर रेंगाळायची लोकांना सवय नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तो रस्ता शहराची ओळख आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत कॅलमझू शहराने १९५९ मध्ये असाच रस्ता केला आणि त्याची नक्कल दोनशेच्या आसपास गावांनी केली. त्यातले बहुतेक प्रयोग फसले. फ्रेस्नो शहराने १९६४ मध्ये बंद केलेला रस्ता २०१७ मध्ये पुन्हा गाड्यांना खुला केला. फरक कशात होता? कोपनहेगनच्या त्या रस्त्याच्या आजूबाजूला माणसं राहत होती, पायी आणि सायकलने येत होती. अमेरिकेतल्या त्या गावांत रहिवासी आधीच उपनगरांत गेले होते. रिकाम्या जागी फक्त फरशी बसवून माणूस येत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण दिल्लीच्या चांदणी चौकाचं. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा साधारण १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. चालणाऱ्याला तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. मात्र राखण ढिली पडली की दुचाक्या शिरतात, हेही तिथे दिसलं. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनमुक्त ठेवला जातो. सोलापूरला ही रीत जास्त सोयीची वाटते. आधी काही रविवार संध्याकाळी पाच ते दहा, नवी पेठेचा एकच तुकडा. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत, रुग्णवाहिका आणि अपंगांच्या रिक्षा कधीही. दुकानदारांनी त्या रविवारचा गल्ला आधीच्या रविवारशी ताडून बघावा आणि मग ठरवावं. बॅरिकेड कायमचे ठोकायची घाई महापालिकेने करू नये.

मग गाडी लावायची कुठे?

पेठेच्या कडेला, आत नाही. पाच मिनिटं चालण्याच्या अंतरावर सशुल्क वाहनतळ, आणि तिथून आत येताना सलग सावलीची वाट. आज सगळ्यात जास्त जागा अडवतात त्या दुकानमालक आणि नोकरांच्या स्वतःच्या दुचाक्या, सकाळी लावलेल्या त्या रात्री निघतात. दुकानापुढची ती जागा मोकळी झाली तर गिऱ्हाइकालाच मिळेल. व्यापारी संघटनेला हे उद्यापासून करता येईल, त्याला कुठलीही निविदा लागत नाही.

सोलापूरच्या उन्हात कोण चालणार आहे?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. परदेशी छायाचित्रं बघून इथे दगडी चौक केला तर मे महिन्यात त्याचा तवा होईल.

जुन्या बोळांकडे बघा. आठ-दहा फुटांचा बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली वाडे. सकाळी एक भिंत सावली देते, दुपार कलली की दुसरी. रस्ता रुंद करायला घरं कापली की ही सावली कायमची जाते. रुंदीकरणाच्या नकाशावर हे नुकसान कुठेच मोजलेलं नसतं. अग्निशमन गाडी जाईल एवढी वाट प्रत्येक पेठेला हवीच. पण प्रत्येक बोळ रुंद करणं म्हणजे पेठेला उन्हात उभं करणं.

भर दुपारी मात्र भिंती कामाच्या नाहीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत छप्परच लागतं. त्याचे तीन मार्ग आहेत. चौकात आणि रुंद रस्त्यावर कडुनिंब, ज्याच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी असेल. काँक्रीट बुंध्याला भिडवलेलं झाड मरायलाच ठेवलेलं असतं. दुसरा, दुकानांपुढे एका उंचीची, सलग पडवी. आज प्रत्येकाचा पत्रा वेगळ्या उंचीवर आणि मध्ये फटी. तिसरा मार्ग तर खास आपला: कापड. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात बाजाराच्या गल्ल्यांवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत कापडी छत ताणतात. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या गावाला, २००५ मध्ये ज्याच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्या गावाला, आपल्या चाटी गल्लीवर आपल्याच लूमवरचं जाड कापड ताणता येऊ नये? मार्च ते जून छत, पावसाआधी उतरवायचं. अट एवढीच की आधी विजेच्या तारा जमिनीखाली घ्यायच्या आणि अग्निशमन दलाकडून उंची ठरवून घ्यायची.

सावलीबरोबर पिण्याचं पाणी, बसायला कट्टे आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. खरेदीला येणाऱ्या बायका दोन तासांत परत का फिरतात, हे कोणत्याही साडीच्या दुकानदाराला विचारा.

हातगाड्या आणि पथारीवाले हटवल्याशिवाय रस्ता मोकळा होईल का?

त्यांना हटवलं की चार दिवसांनी ते परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथे असतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण करायचं, नगर पथविक्रेता समिती नेमायची आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. हा कायदा नीट राबवला तर रचना सोपी होते: कोपरे आणि दुकानांचे दरवाजे मोकळे, हातगाड्या दारं-खिडक्या नसलेल्या भिंतींलगत आखलेल्या चौकटीत, पाणी आणि कचऱ्याची सोय जवळ. अहमदाबादच्या माणेक चौकात दिवसा सराफी चालते आणि रात्री तीच जागा खाऊगल्ली होते. आपल्या सराफ कट्ट्यालाही दुकानं बंद झाल्यावर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि हिवाळ्यात हुरड्याने जाग आणता येईल. रात्री दिवा आणि माणूस असला की गल्ली सुरक्षित राहते.

माझा वाडा बाळीवेशीत आहे, पडायला आलाय. काय करू?

आधी कागद. नगर भूमापनच्या मालमत्ता पत्रकावर वारस नोंद करून घ्या. हे रखडलं की पुढचं सगळं रखडतं. मग बांधकाम अभियंत्याकडून तपासणी. महापालिका धोकादायक इमारतींना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस देते, पण प्रत्येक जुना वाडा पाडण्याच्या लायकीचा नसतो. काहींना फक्त दुरुस्ती लागते आणि धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत तशी सोय आहे.

दुरुस्तीत एक गोष्ट सांभाळा. दगड, पांढरी माती आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचं काम करणारे गवंडी कमी उरलेत, पण आहेत. सागवानी खांब बहुतेक वेळा पायाशी सडलेला असतो, वर तो ठणठणीत असतो. तेवढाच भाग बदलता येतो.

पाडून नवं बांधायचं असेल तर २०२० ची एकीकृत विकास नियमावली बघा. दाट वस्तीच्या भागासाठी मोकळ्या जागांचे नियम वेगळे आणि सैल आहेत. तरी एकट्या लहान जागेवर उजेड आणि जिना दोन्ही बसवताना दमछाक होते. शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र आले तर मध्ये चौक ठेवून, तळाला दुकानं आणि वर आठ-दहा घरं अशी इमारत उभी राहू शकते. वाड्याची मूळ कल्पना तीच होती. वाड्याला वारसा दर्जा मिळाला असेल तर न वापरलेल्या बांधकाम हक्काचा टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, घेण्याची तरतूद आहे, ती चौकशी अवश्य करा.

मी भाडेकरू आहे. मला हाकलतील का?

भाडे नियंत्रण कायदा १९९९ तुमच्या बाजूने आहे. मालक नवी इमारत बांधण्यासाठी जागा मागत असेल तर नव्या इमारतीत तुम्हाला जागा देण्याची हमी त्याला द्यावी लागते. इमारत पाडण्याआधी तुमच्या ताब्यातल्या क्षेत्रफळाची मोजणी आणि त्याचा लेखी दाखला महापालिकेकडून घ्या, हे विसरू नका. मालकाची बाजूही समजून घ्या. कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ त्याला मिळते, पण मूळ भाडं साठ रुपये असेल तर चार टक्के म्हणजे किती? दोघांनी एका टेबलावर बसून दुरुस्तीचा खर्च वाटून घेतला, तर वाडा दोघांचाही वाचतो.

किल्ल्याजवळ घर आहे, परवानगी मिळत नाही.

भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे. त्यामुळे शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये विभागाची परवानगी लागते. शंभर मीटरच्या आतही दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या नावाने प्रक्रिया आहे.

गिरण्यांच्या जागांवर काय व्हावं?

मुंबईचं काय झालं ते आधी आठवू. तिथे १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन तीन वाट्यांत जायची होती: एक मोकळी जागा, एक म्हाडाची घरं, एक मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. शहराच्या वाट्याला यायची जमीन कागदावरच आटली.

पोलंडमधलं लुज हेही आपल्यासारखंच कापडाचं शहर. तिथल्या एका प्रचंड गिरणीचं २००६ मध्ये मनुफाक्तुरा नावाचं खरेदी आणि करमणुकीचं संकुल झालं. इमारती वाचल्या, पण जुन्या पिओत्रकोव्स्का बाजाराचं गिऱ्हाईक तिकडे ओढलं गेलं आणि शहराला नंतर तो रस्ता सावरायला वेगळे प्रयत्न करावे लागले. अमेरिकेतल्या लोवेलने वेगळा मार्ग घेतला. १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं, एका गिरणीत आजही माग चालताना बघता येतात, आणि आसपासच्या गिरण्यांत घरं झाली.

सोलापूरसाठी माझं मत स्पष्ट आहे: मोठा मॉल नको. परवडणारी घरं, मागांचं चालतं संग्रहालय, कापड डिझाइनचं शिक्षण आणि पेठेला जोडणारी पायवाट. आणि कंपाऊंडची भिंत पाडा. गिरणीच्या लांबलचक भिंतीने दोन बाजूंची वस्ती एकमेकांपासून तोडलेली असते.

पूर्व भागातून लूम बाहेर काढायचे का?

सरसकट नको. घरात खाली लूम, वर कुटुंब, शेजारी तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी घरं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ. हे जिवंत मध्यवस्तीचं रूप आहे. आवाज आणि धाग्याचा तंतू यांचा त्रास खरा आहे. रात्रीच्या वेळा, जाड भिंती, चांगली वायुवीजन व्यवस्था यावर नियम असावेत. रंगणी आणि धुलाईचं सांडपाणी मात्र वस्तीत नकोच.

शहराबाहेर कुंभारीच्या रे नगरात तीस हजार घरांचा प्रकल्प आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. एका खोलीत सहा-सात जणांनी दिवस काढलेल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांना स्वतःचं घर मिळालं, हे फार मोठं आहे. पण काम, बाजार, नातेवाईक शहरात राहतात तोवर स्वस्त आणि वेळेवर येणारी बस ही त्या घराचाच भाग मानायला हवी. पुढची काही हजार घरं पेठेच्या आत, छोट्या छोट्या तुकड्यांत बांधता येतील का, हा प्रश्न आता विचारायला हवा.

उड्डाणपूल झाले की सुटका होईल?

शहर ओलांडून जाणाऱ्या गाड्यांची होईल. पेठेत येणाऱ्याला पुलाचा उपयोग नाही, आणि खालच्या दुकानांचा उजेड जातो. दक्षिण कोरियातल्या सोलने शहराच्या मध्यातला उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये खालचा ओढा परत उघडला, एवढं सांगतो.

गड्ड्याच्या यात्रेचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. संक्रांतीला सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते आणि लाखांनी माणूस पायी चालतो. पायी चालण्याचा तयार नकाशा या गावाला सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात आखून दिला आहे. तीच वाट वर्षभर चालण्याजोगी केली, म्हणजे सपाट फरसबंदी, झाकलेली गटारं, प्रत्येक लिंगापाशी सावली आणि पाणी, तर 'चार हुतात्मा' चौक, किल्ला, तलाव आणि पेठा आपोआप जोडल्या जातात. उंच नंदीध्वजांसाठी दरवर्षी तारांची अडचण होते. त्या एकदाच भूमिगत करून टाकाव्यात.

सगळं सुधारलं की भाडी वाढून जुने लोकच बाहेर जातील ना?

जाऊ शकतात, आणि अनेक शहरांत गेले. म्हणून सुशोभीकरणाआधी भाडेकरूंची नोंद, विक्रेत्यांची प्रमाणपत्रं आणि पुनर्विकासात छोट्या घरांचा ठरलेला वाटा ही कामं व्हायला हवीत. मागाहून ती होत नाहीत.

आमच्या गल्लीपुरतं आम्ही काय करू शकतो?

कागदावर गल्लीचा साधा नकाशा काढा. प्रत्येक घराचा कोणता मजला वापरात आहे, कोणता बंद, मालक कुठे राहतो, ते लिहा. दुपारी बाराला आणि चारला सावली कुठे असते तेही खुणा करून ठेवा. हा नकाशा आणि एकच मागणी, मग ती गटारावर झाकण असो, दिवा असो की दोन कडुनिंब, विभागीय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जावर मालक, भाडेकरू आणि गल्लीतला हातगाडीवाला अशा तिघांच्याही सह्या घ्या. एकाच बाजूच्या सह्या असलेला अर्ज दुसऱ्या बाजूच्या हरकतीवर अडकतो.